आडव्या बॅरलचे पोट

आमच्या कारखान्यातील जनरेटरच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला ॲल्युमिनियमची एक पट्टी टांगलेली असते. ती पाऊण मीटर लांब आणि इंचभर रुंद आहे, वरच्या बाजूला तिला एक आडवा दांडा रिव्हेट मारून बसवलेला आहे आणि तिच्या दोन्ही कडांना हॅक्सॉ ब्लेडने खाचा पाडलेल्या आहेत. नवख्या माणसाला ती मोडक्या करवतीसारखी दिसते. नीट निरखणाऱ्याच्या मात्र लक्षात येते की टोकाजवळच्या खाचा विरळ आहेत, मधल्या दाट आहेत आणि वर जाताना त्या पुन्हा विरळ होत जातात. या विरळ-दाटपणापर्यंत पोहोचायला मला जवळजवळ वर्ष लागले. त्या वर्षात एका सज्जन माणसाविषयी मी जे मनात आणले, ते एकदा लिहून काढावे असे बरेच दिवस वाटत होते.

कारखाना अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आहे. सोळा माग आणि टर्किश टॉवेल, म्हणजे सोलापुरात फार मिरवण्यासारखे काही नाही. इथे ज्याच्याशी बोलावे त्याच्या नात्यात कुणी ना कुणी मागवाला निघतोच. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. दिवसाचे पाच-सहा तास वीज नसायची आणि तेवढा वेळ डिझेल जनरेटरवर माग चालवावे लागत. जनरेटरशेजारी लोखंडी घोडीवर आडवे ठेवलेले, दोनशे लिटरचे म्हणून ओळखले जाणारे एक बॅरल होते. त्याच्या तळाजवळच्या तोटीतून डिझेल आपल्या वजनानेच इंजिनाकडे जाई. वडिलांनी ते बसवून घेतले तेव्हा वेल्डरने आधी बॅरल पाण्याने काठोकाठ भरून घेतले होते आणि मगच त्याच्या पाठीवर, बरोबर मधोमध, दोन इंची सॉकेट जोडले होते. रिकाम्या बॅरलमध्ये डिझेलची वाफ कोंडलेली असते आणि वेल्डिंगची एक ठिणगी तिला पुरते, हे त्या वेल्डरला पुस्तक न वाचता ठाऊक होते.

बॅरलला बाहेरून एक पारदर्शक नळी लावलेली होती, तीत पातळी दिसावी म्हणून. इथल्या दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडली, तिसऱ्यात तडकली आणि वडिलांनी ती काढून तिथे बूच मारले. त्यानंतर ते सॉकेटमधून एक काडी आत सोडून पाहत असत. ताण्यात घालायच्या लीज रॉडचा तो लाकडी तुकडा होता, त्यावर चाकूने ओरखडे काढलेले होते आणि ते ओरखडे कुठे जवळ, तर कुठे लांब होते. वडील गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर होतो. मला ती काडी गबाळी वाटली. मी तिच्याजागी दुसरी, सरळ आणि नीटस लीज रॉड आणली, बॅरलचा व्यास मोजला, तो सत्तावन्न सेंटीमीटर भरला, लांबी पंचाऐंशी भरली आणि घनफळ निघाले सुमारे दोनशे सतरा लिटर. मग फूटपट्टी ठेवून काडीचे चार सारखे भाग केले, प्रत्येक भाग चोपन्न लिटरचा, त्यांचे पुन्हा सारखे उपभाग. खुणा आधी मार्करने केल्या होत्या, त्या डिझेलने आठवड्यात धुऊन नेल्या. म्हणून नंतर लाल ऑइलपेंटने केल्या. वडिलांची काडी कुठे गेली ते मी पाहिले नाही. बहुधा चहाच्या चुलीत गेली असावी.

जनरेटर आणि बॅरल सांभाळण्याचे काम आमच्या जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे होते. त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो. ते सोलापूरच्या पूर्वभागातले, घरी तेलुगू बोलणारे आणि मागाच्या आवाजावरून कोणता नट सैल झाला आहे ते सांगणारे गृहस्थ. कॅनमधून डिझेल आणायचे, हातपंपाने बॅरल भरायचे आणि तळ लागण्याआधी मला कळवायचे, हे सारे तेच पाहत. तळ लागू देणे परवडत नाही. डिझेल संपले की इंजिन हवा धरते, मग पाइपचे नट सैल करून ती हवा काढत बसावे लागते. तोवर सोळाही माग अर्ध्या विणीत थांबलेले असतात आणि पुन्हा सुरू करताना प्रत्येक टॉवेलवर आडवा पट्टा उमटतो. तो माल दुय्यम भावाने जातो.

मी एक वही घातली. तारीख, जनरेटर चाललेले तास आणि काडीवरची खूण, असे तीन रकाने. आमचा जनरेटर तासाला साधारण पाच लिटर डिझेल घेतो, म्हणजे माझ्या काडीवरचा एक भाग अकरा तास चालायला हवा होता. दोन महिन्यांत वहीत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. बॅरल भरल्यानंतरचा पहिला भाग साडेआठ तासांतच उडे. शेवटचा भाग तर सात-साडेसात तासही पुरत नसे. आता ही दोन टोके कोणती? एक, ज्या दिवशी अण्णा एकटे बॅरल भरत तो दिवस. दुसरे, ज्या दिवशी ते बॅरल रिकामे होत आल्याचे सांगून कॅन घेऊन बाहेर पडत तो दिवस. दोन्ही वेळी बॅरलशी फक्त तेच असत आणि दोन्ही वेळी दहा-पंधरा लिटर कमी पडत.

मधले दोन भाग प्रत्येकी तेरा-तेरा तास चालत होते, हेही त्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. त्याकडे मी पाहिले नाही. जास्त चालले त्याचा हिशेब कोण मागतो? कमी पडले की माणूस शोधायला निघतो.

अण्णांना मी तोंडाने काही बोललो नाही. मी बाजारातून एक कुलूप आणले, सॉकेटच्या झाकणाला कडी बसवून घेतली आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. बॅरल भरायचे असले की मी स्वतः उभा राहू लागलो. अण्णांनी पहिल्या दिवशी कुलपाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हातपंप मारू लागले. कुलूप लावूनही पहिला भाग साडेआठ तासांतच संपला. तेव्हा तरी माझे डोळे उघडायला हवे होते. पण संशयाला एकदा बसायला जागा मिळाली की तो पाय पसरतो. कॅनमध्येच डिझेल कमी येत असेल, वाटेत कुठे ओतले जात असेल, असे मी मनाशी म्हणू लागलो.

त्या नादातच मी एका सकाळी आम्ही डिझेल घेतो त्या पंपावर गेलो. तिथे डिप घेण्याचे काम चालू होते. जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडून एका कर्मचाऱ्याने लांब धातूचा डिप रॉड कापडाने पुसला, त्याच्या टोकाला बोटाने एक मलम लावले, तो अलगद तळापर्यंत सोडला आणि वर काढून ओली रेघ मिलिमीटरपर्यंत वाचली. ते मलम पाणी लागले की रंग बदलते, त्यामुळे टाकीच्या तळाशी पाणी साचले आहे का ते कळते. इथवर मला काही नवल वाटले नाही. नवल पुढे होते. त्याने रॉडवरचे आकडे थेट लिटर म्हणून लिहिले नाहीत. ऑफिसात भिंतीला लावलेल्या एका तक्त्यात ते सेंटीमीटर शोधले आणि त्यांच्यापुढचे लिटर उतरवून घेतले. प्रत्येक टाकीचा तक्ता वेगळा होता. मी सहज तक्त्यावरून बोट फिरवले. दहावरून अकरा सेंटीमीटरला जाताना जितके लिटर वाढत होते, त्याच्या कितीतरी जास्त लिटर टाकीच्या मध्यावर एका सेंटीमीटरमागे वाढत होते.

"असे कसे?" मी विचारले.

"आडवी टाकी आहे की ओ, मालक," तो म्हणाला, "पोट मोठं असतंय तिचं. खाली न् वर निमुळती."

हे वाक्य ऐकून मला तिथे पंपावरच घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

कारखान्यात येऊन मी वर्तुळखंडाच्या क्षेत्रफळाचे सूत्र काढले. आडव्या दंडगोलात पातळी पाव उंचीवर असेल तर आत पाव भाग नसतो, साडेएकोणीस टक्केच असतो. उरलेली गोष्ट सममितीने मिळते: तळचा आणि माथ्याचा पाव उंचीचा पट्टा मिळून जेमतेम एकोणचाळीस टक्के, आणि मधले दोन पट्टे मिळून एकसष्ट. माझ्या लाल खुणांच्या भाषेत सांगायचे तर जिथे मी चोपन्न लिटर लिहिले होते तिथे वर आणि खाली बेचाळीस-बेचाळीसच होते आणि मध्ये सहासष्ट-सहासष्ट. बेचाळीस भागिले पाच, साडेआठ तास. सहासष्ट भागिले पाच, तेरा तास. वहीतले तास अक्षरशः जुळत होते. तळच्या भागात आणखी एक तासभर कमी पडत होता, कारण तोटी तळापासून तीन सेंटीमीटर वर आहे आणि तिच्याखाली राहणारे सव्वाचार-साडेचार लिटर इंजिनाला कधी मिळतच नाहीत.

सोलापूरकराला हे शेवटचे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उजनी धरणात उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आणि त्याच्याखालचा मृतसाठा त्याहून मोठा, सुमारे ६३ टीएमसी. म्हणून आमच्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात धरणाची टक्केवारी 'वजा' छापून येते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा पन्नासच्याही खाली गेली होती. भांड्यात आहे आणि तरी हिशेबात नाही, हे आम्ही नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात राहून शिकलेलो आहोत. फक्त मला ते माझ्याच बॅरलमध्ये दिसले नव्हते. जुन्या मोटारसायकलींच्या रिझर्व्हचा कॉकही तसलाच. टाकीच्या आत दोन वेगवेगळ्या उंचीच्या नळ्या असतात, उंच नळी कोरडी पडली की कॉक फिरवून बुटकी चालू करायची. म्हणजे अशा दर गाडीच्या पोटात एक न वाचता येणारी काडी बसवलेलीच असते, आणि तरी आपण पेट्रोल किती उरले ते पाहायला गाडी दोन्ही हातांनी हलवून कान लावतो.

सूत्राने दिलेल्या खुणा नव्या काडीवर काढून मोकळे होता आले असते. पण आमचे बॅरल पुस्तकातला दंडगोल नव्हते. त्याच्या अंगावर दोन उभारलेली कडी होती, एका बाजूला जुना पोचा होता आणि घोडी किंचित कललेली होती. एकदा गणितावर विसंबून फजिती झालेलीच होती. तेव्हा या वेळी बॅरललाच विचारायचे ठरवले: ते पूर्ण रिकामे करायचे आणि मोजून मोजून भरायचे.

पट्टीसाठी काय घ्यावे यावर मात्र बराच विचार केला. लाकडाची अडचण मला कळून चुकली होती. डिझेल तंतूंतून वर चढते आणि काडी बाहेर काढून मिनिटभर बोलत उभे राहिले तर ओली रेघ सेंटीमीटरभर वर सरकलेली असते. प्लॅस्टिकची इलेक्ट्रिक पाइप हलकी आणि स्वस्त, पण कापडाने पुसली की तिच्यावर स्थिर वीज साठते, आणि इंधनाच्या तोंडाशी तसली वस्तू नेणे मला मान्य नव्हते. डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. आपल्याकडे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, किमान ३५ असावा एवढीच मानकाची अट आहे, आणि सोलापुरात मे महिन्यात सावलीतला पारा बेचाळीसच्या पुढेही जातो. तेवढ्या उष्णतेत बॅरलच्या तोंडाशी जमणारी वाफ पेटण्याजोगी असू शकते. शेवटी पंचवीस मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी घेतली. ती गुळगुळीत चकचकीत असेल तर ओली रेघ दिसत नाही, म्हणून दोन्ही अंगे पॉलिश पेपरने घासून मंद केली. तिला आडवा दांडा अशा उंचीवर बसवला की तो सॉकेटच्या काठावर टेकावा आणि पट्टीचे टोक तळापासून अर्धा सेंटीमीटर अधांतरी राहावे. यामुळे ती दर वेळी तेवढीच आत जाते, तळाचा गाळ ढवळत नाही आणि लोखंडावर आपटतही नाही. गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम जोराने आपटले तर ठिणगी पडू शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एका सुटीच्या दिवशी मी आणि अण्णा कामाला लागलो. कुलूप मी आदल्या रात्रीच काढून ठेवले होते आणि त्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही. बॅरल मागून उचलून, तिरके करून तळचे सगळे काढले, तर आधी चहासारखे लालसर पाणी आले, मग काळा चिखल आणि मग डिझेल. ओळखीच्या रॉकेलच्या दुकानातून पाच लिटरचे मुद्रांकित माप मागून आणलेले होते. वैधमापनाचा शिक्का असलेले, तोंडाशी निमुळते. अण्णा माप गळ्यापर्यंत भरून ओतत आणि मोठ्याने आकडा म्हणत, "ओकटि... रेंडु... मूडु..." मी डिझेल स्थिर होईपर्यंत थांबे, पट्टी खडूने घासे, आत सोडे, वर काढे. खडू जिथे गडद झाला तिथे टोकदार सुईने रेघ मारून ठेवे.

पहिली रेघ टोकापासून पावणेतीन सेंटीमीटरवर आली. दुसरी तिच्या वर दोन सेंटीमीटरवर. तिसऱ्यापासून अंतर आकसू लागले आणि विसाव्या मापाच्या आसपास दोन रेघांमध्ये जेमतेम एक सेंटीमीटर उरला. अण्णांनी ओतणे थांबवले, पट्टी माझ्या हातातून घेतली आणि उन्हात तिरकी धरून बराच वेळ पाहिली. "मालकांची काडी अशीच होती," ते म्हणाले. मालक म्हणजे माझे वडील; मला ते त्या काळी अजून 'धाकले' म्हणत. "इथं लांब लांब, इथं जवळ जवळ. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनीच भरून केलती."

मी काय बोलणार? वडिलांची काडी आता नाही, त्यामुळे तिच्यावरचे ओरखडे माझ्या रेघांशी किती जुळले असते हे कधीच पाहता येणार नाही.

चाळीस मापांनंतर थांबलो. त्या रात्री पट्टी शिकंज्यात धरून एकेक रेघ ब्लेडने कोरली. दर पाचव्या खाचेशी नंबर पंचाने आकडा ठोकला: पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. सूत्राच्या आणि बॅरलच्या उत्तरात मध्यावर तीन-चार लिटरांचा फरक निघाला, तो कड्यांचा आणि पोच्याचा. पहिल्या खाचेच्या किंचित खाली तोटी कोरडी पडते, म्हणून तिथे मी एक फुली कोरली. अण्णा तिला उजनी म्हणतात. सकाळी पट्टी काढून "धाकले, उजनी वजात चालली" असे ओरडले की कॅन घेऊन निघायचे.

वाचन सकाळीच का, तर जनरेटर चालू असताना इंजिनाला जास्त झालेले डिझेल परतीच्या नळीने कोमट होऊन बॅरलमध्ये येत असते आणि पृष्ठभाग हलता असतो. शिवाय डिझेल दर अंशामागे हजारात आठ-नऊ दशांश भाग फुगते. पहाटे आणि भर दुपारी पंधरा अंशांचा फरक पडला तर दोनशे लिटर अडीच लिटरने वाढल्यासारखे दिसतात. पट्टीवर ती पाऊण सेंटीमीटरची लबाडी होते. मला ती आता लबाडी वाटत नाही, पण रोज एकाच वेळी पाहिलेले बरे.

नव्या पट्टीने पुढच्या महिन्यात वही भरली तेव्हा दर पंचवीस लिटरला पाच तास, कधी पाऊण तास इकडे तिकडे, असा सपाट हिशेब लागला. ती सपाट पाने मी अण्णांना दाखवली नाहीत. दाखवायला हवी होती.

त्या बॅरलने पुढे बरीच वर्षे काढली आणि मग शिवणीतून पाझरू लागले. नवे आणले ते दिसायला हुबेहूब तसेच, तोच व्यास, तीच लांबी. जुनीच पट्टी चालेल असे माझा मुलगा म्हणाला, आणि माझ्याही मनात क्षणभर ते आले. पण त्याचे सॉकेट बोटभर उंच बसले होते आणि त्याला अजून पोचा नव्हता. म्हणून पट्टीच्या दुसऱ्या, कोऱ्या कडेवर नव्या खाचा पाडायचे ठरवले. अण्णा आता रोज कामावर येत नाहीत, पण या कामाला त्यांना बोलावले आणि ते आले. माप मुलाच्या हाती देऊ पाहिले तर त्यांनी ते घेऊ दिले नाही. बावीस मापे झाली, मी रेघ मारली, आणि भरलेले तेविसावे माप तसेच हातात तोलून धरत त्यांनी सॉकेटच्या तोंडाकडे पाहिले.

"धाकले, या बॅरलला कुलूप आणलंय का?" त्यांनी विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ओतायला सुरुवात केली. "इरवै मूडु."